लांबचं घर, जवळचं घर

परदेशातल्या नोकरीची ऑफर हातात आली की पहिले काही दिवस आकडेमोडीत जातात. कर किती कापला जाईल, विमा कोण भरणार, सामान हलवायचा खर्च कंपनी देणार का. मग व्हिसाची कागदपत्रं सुरू होतात. घराचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, आणि निघतो तोही भाड्यावरून. ऑफिसच्या जवळ दोन खोल्या, नाहीतर तेवढ्याच भाड्यात तासाभराच्या अंतरावरच्या गावात तीन बेडरूम, मागे थोडी मोकळी जागा आणि चालत जाता येईल अशी चांगली शाळा. लांबचं घर घेतलं तर उरलेली किंमत रोज दोनदा प्रवासात चुकवायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती किती आणि कोणी चुकवायची, हे मात्र क्वचितच कोणी मांडून बघतं.

आमच्याकडे नोकरी माझी होती. नवरा डिपेंडंट व्हिसावर सोबत येणार होता आणि त्याला तिथे काम मिळायला किती काळ लागेल याचा काहीच अंदाज नव्हता. मुलगी चार वर्षांची. एका रविवारी मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एकीकडे लांबचं घर, एकीकडे जवळचं, आणि खाली भाडं, क्षेत्रफळ, शाळा, रेल्वेचा पास, प्रवासाची मिनिटं. लांबचं घर जवळजवळ प्रत्येक ओळीत वरचढ ठरत होतं. नवऱ्याने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "तू सातला निघणार, साडेसातला येणार. मधले साडेबारा तास आम्ही दोघं त्या गावात कसे काढणार, ती ओळ कुठे आहे?"

त्या एका ओळीने पुढचा सगळा विचार बदलला.

आधी मिनिटांबद्दल बोलते, कारण पहिली गल्लत तिथेच होते. मॅपवर आम्हाला बावन्न मिनिटं दिसत होती. ती होती एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंतची, रविवारी दुपारी पाहिलेली. घरापासून स्टेशन बारा मिनिटं चालत. गाडी चुकू नये म्हणून पाच मिनिटं आधी पोचायचं. उतरल्यावर ऑफिसच्या इमारतीपर्यंत आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे घराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत जवळजवळ दीड तास, आणि तेही सगळं वेळेवर चाललं तर. जाऊन-येऊन तीन तास, आठवड्याचे पंधरा. सुट्ट्या आणि रजा वजा जाता वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ६९० तास होतात. चोवीसने भागलं तर जवळजवळ २९ दिवस, रात्रींसकट. वर्षातला एक अख्खा महिना! हा आकडा मी तक्त्यात भाड्याच्या शेजारी लिहिला तेव्हा लांबच्या घराचं स्वस्तपण पहिल्यांदा डगमगलं.

माणूस रोजच्या जाण्यायेण्याला किती वेळ देतो यावर बराच अभ्यास झालेला आहे. याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात जागतिक बँकेसाठी काम करताना दाखवलं की वेगवेगळ्या शहरांतली माणसं प्रवासाला रोज साधारण ठरावीकच वेळ देतात. वाहन वेगवान झालं तर ती वेळ वाचवत नाहीत, लांब राहायला जातात. १९९४ साली इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी हीच गोष्ट इतिहासात मागे नेऊन तपासली. दिवसाला साधारण एक तास, जाऊन-येऊन मिळून. पायी चालणाऱ्यांची जुनी शहरं एवढ्या वेळात मावतील इतकीच पसरलेली असत. त्यांनी बर्लिनचं उदाहरण घेतलं. १८०० च्या सुमाराचं बर्लिन मध्यापासून जेमतेम अडीच किलोमीटर पसरलेलं होतं. मग घोड्यांच्या ट्राम आल्या, विजेच्या ट्राम आल्या, भुयारी रेल्वे आली, मोटारी आल्या. प्रत्येक वेळी शहर पसरत गेलं, तास मात्र साधारण तेवढाच राहिला.

हे वाचून मला धीर आला आणि काळजीही वाटली. धीर अशासाठी की रोजचा तासभर प्रवास हा काही अन्याय नाही, माणसं कायमच तो करत आली आहेत. काळजी अशासाठी की आम्ही जे घर बघत होतो ते या तासाच्या तिप्पट मागत होतं.

मग प्रश्न येतो की इतकी माणसं असा प्रवास का पत्करतात? अर्थशास्त्राचं सरळ उत्तर असं की लांब राहणाऱ्याला त्याची भरपाई मिळतच असणार, स्वस्त घर म्हणून किंवा जास्त पगार म्हणून. नाहीतर तो तिथे राहीलच कशाला? झुरिकच्या ब्रूनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी ही समजूत जर्मनीतल्या घरोघरच्या पाहणीवर तपासून पाहिली. १९८५ ते २००३ या काळात त्याच त्या माणसांना दरवर्षी विचारलेले प्रश्न त्यांच्या हाताशी होते. निष्कर्ष उलटा निघाला. ज्यांचा प्रवास लांबचा, ते एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. म्हणजे घर आणि पगार मिळूनसुद्धा भरपाई पुरी होत नव्हती. अमेरिकेत २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा प्रसंगवार तपशील लिहून घेतला होता, कुठल्या वेळी कसं वाटत होतं यासह. त्या यादीत सकाळचा ऑफिसचा प्रवास अगदी तळाशी होता.

मला यातलं जे पटतं ते असं. घर बघायला गेलो की तिसरी बेडरूम डोळ्यांत भरते. राहायला गेल्यावर दोन-तीन महिन्यांत ती नुसती एक खोली होते, इस्त्रीचे कपडे ठेवायची. प्रवासाचं तसं होत नाही, कारण तो रोज थोडा वेगळा असतो. आज गाडी वेळेवर, उद्या सिग्नल बिघडलेला, परवा डबे कमी, त्यानंतर संप. ज्याची सवय व्हावी असं त्यात काही एकसारखं नसतंच.

ही नुसती माझी समजूत नाही. गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर या दोन अमेरिकी संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या माणसांवर बरीच वर्षं काम केलं. ऑफिसला पोचल्यावर ते प्रवाशांच्या लाळेचे नमुने घेत आणि त्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, किती आहे ते मोजत. प्रवास जितका लांब तितका कॉर्टिसॉल जास्त. आणि प्रवासाचा भरवसा जितका कमी तितका ताण जास्त. १९९६ साली त्या मार्गावर मध्ये गाडी न बदलता थेट मॅनहॅटनला जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा थेट गाडीने जाऊ लागलेल्यांचा ताण जुन्याच मार्गाने जाणाऱ्यांपेक्षा कमी भरला.

हे वाचल्यापासून घर बघताना मी पहिला प्रश्न विचारते तो मिनिटांचा नसतो. मध्ये गाडी किती वेळा बदलायची, हा असतो. त्यामागे एक संध्याकाळ आहे.

घर ठरवण्याआधी आठवडाभर आम्ही कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या जागेत होतो. त्या आठवड्यात मी लांबच्या घराचा प्रवास कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी करून बघायचं ठरवलं. सकाळी सगळं छान झालं. खिडकीची जागा मिळाली, शेतं दिसली, मनात म्हटलं, वाचनही होईल. संध्याकाळी मधल्या जंक्शनला गाडी बदलायची होती आणि दोन गाड्यांमध्ये सहा मिनिटं होती. पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली. उतरल्याबरोबर माझ्यासोबत तीस-चाळीस माणसं एकदम धावायला लागली, कोणी काही न बोलता. जिना उतरायचा, बोगद्यातून पलीकडे जायचं, जिना चढायचा. एक बाई खांद्यावरची बॅग छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या चढत होत्या. वर पोचलो तेव्हा दारं बंद होण्याची शिट्टी वाजत होती. पुढचे चार-पाच जण आत गेले. बाकीचे आम्ही फलाटावर. पुढची गाडी अर्ध्या तासाने. त्या बाईंनी लगेच फोन काढला आणि दोनच वाक्यं बोलल्या. भाषा मला नीट येत नव्हती, पण मूल, सहा वाजता आणि माफ करा एवढं कळलं.

पाच मिनिटांच्या उशिराचा अर्धा तास झाला होता. मॅप हे सांगत नाही. मॅप सगळं जुळलं तर काय होईल ते सांगतो, आणि आपण रोजचं आयुष्य त्यावर बांधायला निघतो. म्हणून मी आता सरासरी दिवसाचा विचारच करत नाही. आठवड्यातला एक दिवस बिघडणार हे धरून चालते आणि त्या दिवशी घरी काय होईल ते बघते.

इथेच परदेशातल्या प्रवासाचा हिशेब आपल्या गावातल्या प्रवासापेक्षा वेगळा होतो. माणूस स्वतःच्या गावात असतो तेव्हा उशीर झाला तरी त्याच्यामागे कोणीतरी असतं. बहीण असते, शेजारी असतात, मुलाच्या मित्राची आई असते. एक फोन केला की मूल कोणाच्या तरी घरी सुखरूप बसतं. नव्या देशात पहिली एक-दोन वर्षं असं कोणीच नसतं. पाळणाघर सहाला बंद होतं म्हणजे सहाला बंद होतं. बऱ्याच ठिकाणी उशिरा येणाऱ्या पालकांकडून जादा पैसे घेतात आणि वरचेवर उशीर झाला तर जागा जाण्यापर्यंत गोष्ट येते. तिथे काम करणाऱ्यांनाही घर असतं, त्यांचंही बरोबरच आहे. आपल्या अर्ध्या तासाच्या उशिराचा भार मात्र उचलायला दुसरं कोणी नसतं. म्हणून त्याच दीड तासाचं परदेशात वजन जास्त.

आणि हे मागे उभं राहणारं कोणी पुढे तरी कसं मिळणार? ओळखी होतात त्या संध्याकाळी. शाळेच्या फाटकाशी, मैदानावर, भाषेच्या वर्गात, शेजारच्या घरी सहज डोकावताना. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी मांडलं होतं की रोजच्या प्रवासाची दहा मिनिटं वाढली की माणसाचा सामाजिक वावर सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. स्वतःच्या गावात राहणाऱ्याच्या जुन्या मैत्र्या तरी शिल्लक असतात. नव्या देशात आपण शून्यापासून सुरू करतो आणि ज्या तासांत ते शून्य भरायचं तेच तास गाडीत जातात. माझ्या ऑफिसातली एक सहकारी पाच वर्षं त्या देशात होती, रोज लांबून येणारी. तिला आपल्या गावातलं स्टेशन आणि सुपरमार्केट सोडून काही माहीत नव्हतं, तिथली भाषाही ऑफिसपुरतीच. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

आता त्या ओळीकडे येते, जी माझ्या तक्त्यात नव्हती.

घर बहुतेक वेळा नोकरी करणारा ठरवतो. ऑफर त्याच्या नावावर, व्हिसा त्याच्या नावावर, पगाराची स्लिप त्याची, म्हणून घरमालकाशी बोलणंही तोच करतो. तो म्हणतो, प्रवास मी करणार आहे ना, मी करीन सहन. त्याचा त्याग खराच असतो. पण लांबच्या गावात दिवस काढायचा असतो तो दुसऱ्याला. नोकरी करणाऱ्याला निदान ऑफिस मिळतं. तिथे माणसं असतात, कामाची भाषा असते, कोणीतरी नावाने हाक मारतं. मागे राहिलेल्याच्या वाट्याला मोठं घर येतं, मागची मोकळी जागा येते आणि तासाला एक बस येते. नोकरी शोधायची तर मुलाखती शहरात. भाषेचे वर्ग शहरात. कोणी ओळखीचं भेटलंच तर तेही शहरात. म्हणजे ज्याच्याकडे नोकरी नाही त्याचाही लांबचा प्रवास सुरू होतो, फक्त त्याचे पैसे कोणी देत नाही आणि तो कोणत्या तक्त्यातही येत नाही.

माझ्या नवऱ्याने हे सगळं एका वाक्यात विचारलं होतं, आणि तेही अजिबात न रागावता. मी त्याला म्हटलं, "पण इतकं छोटं घर चालेल तुला?" तो म्हणाला, "घर छोटं असलं तर मी बाहेर पडीन. गाव छोटं असलं तर कुठे पडू?"

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या एरिका सँडो यांचा अभ्यास यासंदर्भात खूप वाचला जातो. ज्या जोडप्यांत एकाचा प्रवास एका बाजूला ४५ मिनिटं किंवा त्याहून जास्त, त्यांच्यात वेगळं होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि सुरुवातीची वर्षं सगळ्यात अवघड होती. लांबचा प्रवास बहुतेक पुरुष करत, त्यामुळे त्यांचं उत्पन्न आणि संधी वाढत. घर आणि मुलं बायकोच्या अंगावर पडत आणि ती जवळपासची, कमी पगाराची नोकरी धरी. या आकड्याने कोणी घाबरून जाऊ नये. टिकणारी जोडपी त्यातही बहुसंख्य होती. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, एकाच्या प्रवासाने दुसऱ्याच्या नोकरीचा आकार ठरतो ही. आमच्या घरी भूमिका उलट्या होत्या, पण झालं असतं तेच.

शरीराचं थोडक्यात सांगते. टेक्सासमध्ये ४,२९७ प्रौढांवर झालेल्या २०१२ च्या एका अभ्यासात गाडी चालवून जास्त लांब जाणाऱ्यांची तंदुरुस्ती कमी आणि रक्तदाब जास्त आढळला होता. रेल्वेने जाणारे निदान चालतात तरी. उत्तरेकडच्या देशात जाणार असाल तर उजेडाचाही विचार करा. डिसेंबरच्या मध्यानंतर लंडनला सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, स्टॉकहोमला तर तीनच्या आत. जूनमध्ये घर बघायला गेलेल्या माणसाला रात्री नऊलाही लख्ख उजेड दिसतो आणि तो मनात म्हणतो, ऑफिसहून आल्यावर मुलांना बाहेर नेता येईल. त्याच घरी तो हिवाळ्यात अंधारात निघणार आणि अंधारात परतणार असतो. शक्य असेल तर घर नोव्हेंबरात बघावं, असं माझं मत आहे.

लांबचा प्रवास करणारे सगळे अविचारी असतात असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. कित्येकांपुढे पर्यायच नसतो. लक्झेंबर्गमध्ये नोकरी करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक रोज सीमा ओलांडून फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीतून येतात. दोन लाखांहून अधिक माणसं. पगार एका देशाचा आणि परवडणारं घर दुसऱ्या देशात. त्यांच्यासाठी घरून काम करण्याचेही नियम आहेत. सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत जुलै २०२३ पासून लागू झालेल्या करारानुसार निम्म्यापेक्षा कमी वेळ घरून काम केलं तर विमा नोकरीच्या देशातच राहतो, आणि वर्षाला ३४ दिवसांपर्यंत घरून काम केलं तरी त्या दिवसांचा करही नोकरीच्या देशातच भरायचा असतो. म्हणजे हायब्रिड काम आहे, आठवड्यातून दोनदाच जायचंय, असं म्हणून सीमेपलीकडे घर घेणाऱ्याने आधी हे नियम वाचायला हवेत. दुसरं उदाहरण मलेशियातलं जोहोर बाहरू आणि सिंगापूर यांचं. दोन्हींना जोडणारा, समुद्रावरचा जेमतेम किलोमीटरभराचा बांध रोज तीन लाखांहून जास्त लोक ओलांडतात. त्यातले कित्येक जण पहाटे चारला उठतात. अंतर काहीच नाही, वेळ जातो तो तपासणीच्या रांगेत. त्यांना कोणी बाहेरून सांगावं की प्रवासाने समाधान कमी होतं, तर ते म्हणतील, ठाऊक आहे, पण घरचे सगळे या पगारावर चालतात. तिथे माझा तक्ता अपुरा पडतो.

माझ्याच ऑफिसात एक गृहस्थ आहेत, रोज एका बाजूला पावणेदोन तास प्रवास करणारे. त्यांच्या मुलाला ऐकू कमी येतं आणि त्याच्यासाठी हवी तशी शाळा त्या गावात आहे. पत्नीची नोकरीही त्याच शाळेजवळ. मी त्यांना एकदा विचारलं, दमत नाही का? ते म्हणाले, "दमतो की. पण का दमतो ते मला रोज संध्याकाळी दिसतं." गाडीत ते पहिला अर्धा तास डोळे मिटून बसतात आणि मग वाचतात. त्यांची गाडी थेट आहे, बदलावी लागत नाही. आठवड्यातले दोन दिवस घरून काम, आणि हे त्यांनी नोकरी स्वीकारण्याआधी करारात लिहून घेतलं होतं. तोंडी आश्वासनावर लांबचं घर घेणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. नवा साहेब आला की पाच दिवस ऑफिसला या असं सांगायला एक ईमेल पुरतो.

प्रवास अगदी शून्य असावा असंही मला वाटत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका पाहणीत लोकांना आदर्श प्रवास किती मिनिटांचा, असं विचारलं होतं. सरासरी उत्तर १६ मिनिटं आलं. शून्य सांगणारे फारच थोडे. ऑफिसातलं डोकं घरी घेऊन जायचं नसेल तर मधे थोडं अंतर लागतं. माझा आताचा प्रवास पंचवीस मिनिटांचा आहे, एकच ट्राम, आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं मी मुद्दाम एक स्टॉप आधी उतरून चालते. ती मला कमी करायची नाहीत.

आणखी एक बाजू, जी ऑफरच्या आनंदात सुचत नाही. परदेशातली पहिली नोकरी शेवटची नसते. प्रोबेशन असतं, कंपन्या माणसं कमी करतात, प्रकल्प बंद पडतात. व्हिसा नोकरीला बांधलेला असेल तर वेळही थोडा असतो. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा वेळी घर एकाच ऑफिसच्या सोयीने, एकाच रेल्वेमार्गाच्या टोकाला असेल तर पुढची नोकरीही त्याच दिशेला शोधावी लागते, नाहीतर भाडेकरार मोडावा लागतो. म्हणून मला आता ऑफिसच्या अगदी शेजारच्या घरापेक्षाही जिथून चार दिशांना गाड्या सुटतात त्या स्टेशनाजवळचं घर जास्त शहाणपणाचं वाटतं. आधी सहा महिने लहानशी जागा घेऊन राहावं आणि मग ठरवावं, हे तर मी प्रत्येकाला सांगते. दोनदा सामान हलवणं जिवावर येतं खरं, पण ते एकदाच येतं.

पैशाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते तपासून घ्यावेत. जर्मनीत घर ते ऑफिस या अंतरावर करात वजावट मिळते. ब्रिटनमध्ये रोजच्या साध्या प्रवासावर तशी सूट नाही. जपानमध्ये बहुतेक कंपन्या प्रवासाचा पासच देतात, त्यामुळे तिथे लांब राहण्याचा खर्च कमी वाटतो. वाटतो म्हणते, कारण वेळ परत देणारी कंपनी कुठेही नाही.

आम्ही जवळचं घर घेतलं. दोन खोल्या, त्यातली एक मुलीची आणि सामानाची मिळून. पहिल्या हिवाळ्यात तिघंही सारखे आजारी पडलो तेव्हा त्या दोन खोल्या फार अपुऱ्या वाटल्या आणि मला त्या तीन बेडरूमची आठवण आली, हे सांगायलाच हवं. पण त्याच हिवाळ्यात नवरा आठवड्यातून चार दिवस चालत भाषेच्या वर्गाला जात होता, आणि त्या वर्गातल्याच एकाने त्याला पुढे कामाचं सांगितलं. मुलीच्या पाळणाघराजवळच एक आजी राहतात. एकदा माझी ट्राम अडकली तेव्हा त्यांनी मुलीला आपल्याकडे नेऊन बसवलं. त्यांची ओळख झाली ती संध्याकाळी साडेपाचला, फाटकाशी उभं राहून. मी साडेसातला घरी येणारी असते तर त्या मला भेटल्याच नसत्या.

आता आमची कंपनी ऑफिस शहराबाहेर हलवायचं म्हणतेय. नवऱ्याची नोकरी बरोबर उलट्या दिशेला आहे आणि मुलगी शाळेत रमली आहे. त्यामुळे तक्ता पुन्हा उघडलाय, या वेळी तिघांच्या तीन ओळी घालून, आणि त्याखाली चौथी ओळ त्या आजींच्या घरापासूनच्या अंतराची. नव्या ऑफिसला जायला मध्ये एकदा गाडी बदलावी लागते आणि बदलायला नऊ मिनिटं मिळतात. येत्या मंगळवारी मी सकाळची सात-चाळीसची गाडी धरून जाऊन बघणार आहे, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळीच परतणार आहे. नऊ मिनिटं पुरतात का, ते कळलं की मग साहेबांशी बोलायचं.